जेवढं दिसतं तेवढं सांगू

डोळ्यांच्या आजाराने नजर अधू झालेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा जाहीरनामा

आम्ही आजवर लपवत आलो. लग्नाच्या मांडवात समोरून कुणी हसलं आणि ओळखता आलं नाही, तर "अगं, लक्षच नव्हतं" म्हणालो. दुकानदाराने परत दिलेल्या नोटा न बघता पर्समध्ये कोंबल्या. जिन्याच्या पायऱ्या मोजून पाठ केल्या, आणि कुठे अनोळखी पायरी भेटली की चपलेला दोष दिला. दिवस मावळायच्या आत घर गाठता यावं म्हणून किती कार्यक्रम अर्ध्यावर सोडले आणि त्यासाठी किती खोटी दुखणी सांगितली, याचा हिशोब आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

आजपासून हे बंद. आम्हाला काय दिसतं, काय दिसत नाही आणि कशामुळे दिसत नाही, हे आम्ही आजाराचं नाव घेऊन सांगणार आहोत. या एका निर्णयासाठी एकत्र आलो आहोत. मागण्या, बैठका, पत्रकं हे सगळं त्यामागून येईल.

आम्ही कोण, ते आधी. आमच्यात काचबिंदू झालेले आहेत. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेले आहेत. वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजलेले आहेत. लहानपणापासून रातांधळेपणा असलेली तरुण मुलं-मुली आहेत. आणि या सगळ्यांबरोबर एका छपराखाली राहणारी माणसं आहेत, ज्यांना कधी किती मदत करावी हे कुणी शिकवलेलं नाही. जाहीरनामा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि माझी वाचण्यापुरती नजर अजून शाबूत आहे. म्हणून यात कुठे "आम्ही" येईल, कुठे "मी".

लोकांच्या मनात दोनच खाने असतात: दिसतं आणि दिसत नाही. आम्ही या दोन्हींच्या मधे राहतो, आणि इथे गर्दी फार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालाप्रमाणे जगात किमान 220 कोटी लोकांच्या नजरेत काही ना काही दोष आहे, आणि त्यातल्या किमान 100 कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजूनही उपाय होऊ शकतो. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मधल्या जागेला "अल्पदृष्टी" म्हणून नेमकं मोजमाप दिलं. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा पुढे जात नसेल, तर 3/60 पर्यंतचा माणूस अल्पदृष्टी, आणि त्याहून खाली अंध. 3/60 चा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर आमच्यापासून तीन मीटरवर आणावं लागतं. कायद्याने नजरेचा पसाराही मोजला आहे. समोरचं अक्षर स्वच्छ वाचणाऱ्या माणसाला आजूबाजूचं फक्त दहा अंशांच्याही आतलं दिसत असेल, तर कायद्याच्या लेखी तो अंधच आहे.

हे शेवटचं वाक्य आम्ही प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवू इच्छितो. कारण आमच्यावर होणारा सगळ्यात जिव्हारी लागणारा आरोप नाटकाचा असतो. "मघाशी तर मोबाइल वाचत होतीस, आता पुढची बादली दिसली नाही?" हो, नाही दिसली. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते आणि मधली मागे राहते. त्यामुळे पेपर वाचता येतो, पण बादली, उंबरठा, अंगणात खेळणारं मूल दिसत नाही. मधला पडदा झिजलेल्यांचं नेमकं उलटं होतं. ते काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, पण दारात उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणीचा चेहरा त्यांना ओळखू येत नाही. चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका असतो. रातांधळेपणाचा मुलगा दुपारी क्रिकेट खेळतो आणि संध्याकाळी दिवेलागणीला भावाचा शर्ट धरून घरी येतो. मधुमेहाच्या माणसाला सकाळी दिसतं तेवढं संध्याकाळी दिसेलच असं नाही. यांपैकी कुणीही नाटक करत नाही. नाटक आम्ही एवढी वर्षं केलं ते नीट दिसत असल्याचं.

लपवण्याची किंमत काय असते, हे मी माझ्या घरातून सांगते.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. देव्हाऱ्यामागे त्यांची एक छोटी बाटली असायची. रोज रात्री दार लोटून ते डोळ्यांत थेंब घालायचे. विचारलं तर म्हणायचे, दिवसभर धूळ जाते, डोळे चुरचुरतात. पुढे त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, तीही गुडघ्यांचं कारण सांगून. शेवटची काही वर्षं त्यांना फारसं दिसत नव्हतं आणि आम्ही सगळे ते म्हातारपण समजत होतो. माझी चाळिशी लागली तेव्हापासून मी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेत होते. सलग आठ वर्षं. नंबर बदलायचा, काच बदलायची, डोळ्यातलं प्रेशर कधी कुणी मोजलं नाही. एक दिवस वर्गात फळ्यापुढच्या ओट्यावरून खाली उतरताना पायरी दिसलीच नाही आणि मी मुलांसमोर आडवी झाले. तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला काचबिंदू आहे का? मी ठामपणे "नाही" म्हणाले. त्याच रात्री आईने ती देव्हाऱ्यामागची बाटली कशाची होती ते सांगितलं.

ज्याच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, त्याला तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. वडिलांनी एक शब्द उच्चारला असता तर मी आठ वर्षं आधी तपासून घेतलं असतं. त्यांच्यावर माझा राग नाही. कंडक्टरला कमी दिसतं हे कळलं तर नोकरीचं काय, या भीतीने त्यांचं तोंड बंद केलं होतं. आमची लढाई त्या भीतीशी आहे.

हा आजार मुळात गुपचूप चालणारा आहे. मेंदूपर्यंत दृश्य नेणाऱ्या डोळ्याच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि झिरपून बाहेर जातं. ती वाट अडली की आतला दाब वाढतो आणि तंतू एकेक करून मरत जातात. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या मापात 10 ते 21 मिलिमीटर असतो, पण काहींची नस त्या मर्यादेतल्या दाबानेही खराब होते, म्हणून नुसतं प्रेशर मोजून भागत नाही, नस बघावी लागते आणि फील्डची, म्हणजे नजरेच्या पसाऱ्याची, तपासणी करावी लागते. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गेलेल्या जागी काळं काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून ती जागा भरून टाकतो. रस्त्यावरची स्कूटर तिथे नसतेच. रस्ता मात्र अखंड दिसतो. काचबिंदूचा एक प्रकार याच्या उलट अचानक येतो. डोळा ठणकतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पित्त समजून घरी झोपून राहणारे काही तासांत डोळा गमावू शकतात.

आमच्या लोकांच्या मनात मोतीबिंदू आणि काचबिंदू हे जुळे भाऊ आहेत. नावांनी घात केला आहे. 1976 साली देशाने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव पोहोचली. त्या शिबिरांचे उपकार आम्ही मानतो. आजही आपल्या देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वात दर तिघांतल्या जवळजवळ दोघांचं कारण मोतीबिंदूच आहे, आणि ते एका शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतं. पण शिबिरांतून गावागावात एकच समज पक्की झाली: डोळ्याला पडदा येतो, ऑपरेशन होतं, पट्टी सुटते, दिसायला लागतं. म्हणून आजोबांना कमी दिसू लागलं की घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते भिंग बदलता येतं. काचबिंदूत नस मरते, आणि मेलेली नस परत आणण्याचा उपाय आज जगात कुठेही नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया हे सगळं उरलेलं राखण्यासाठी असतं. "पिकू दे" म्हणून थांबलेल्या दोन वर्षांत काचबिंदू पिकत नाही, डोळा संपतो.

थेंबांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी चुका केल्या आहेत. थेंब घालून दिसण्यात फरक पडत नाही, म्हणून ते सोडून दिले. महिनाअखेरीला पैसे कमी पडले म्हणून दिवसाआड घातले. हात थरथरतो म्हणून गालावर सांडले आणि घातले असं समजलो. खालची पापणी ओढून थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून धरावा, दुसरा थेंब पाच मिनिटांनी टाकावा. एवढं प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला आलं पाहिजे. दमा असेल तर तो डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगावा. काचबिंदूचे काही थेंब दमा वाढवतात. आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालू नयेत. लाली जाते, बरं वाटतं, आणि आतून काचबिंदू तयार होतो. तेच थेंब उसाचं पातं किंवा भाताचं तूस लागून जखम झालेल्या डोळ्यात घातले, तर बुरशी बळावून डोळ्यात फूल पडतं. शेतात डोळ्याला लागलं की तूप नको, मध नको, अंगावरचं दूध नको; त्याच दिवशी डॉक्टर.

मधुमेहाच्या माणसांना आमची एकच विनंती आहे, आणि ती हात जोडून आहे. चष्म्याचा नंबर नीट आहे म्हणजे पडदा नीट आहे, असं समजू नका. 6/6 वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात. साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, पाझरतात, बंद पडतात. मग पडदा नव्या, नाजूक वाहिन्या फोडतो आणि एक दिवस त्यातली एखादी फुटते. डोळ्यापुढे कोळ्याची जाळी तरंगायला लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारं औषध घालून, पडदा तपासून घ्या. त्या दिवशी काही तास धूसर दिसतं, म्हणून बरोबर कुणाला तरी न्या. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं वेळेवर झाली तर नजर पुष्कळ वाचते, पण इंजेक्शन एकदा घेऊन काम होत नाही. आमच्यातल्या एका शेतकरी भावाने दुसरं इंजेक्शन पेरणीसाठी पुढे ढकललं होतं. आता पेरणी त्यांचा मुलगा करतो आणि ते बांधावर बसून आवाजावरून सांगतात की बैल कुठे वळले.

पुरे दिवस न भरता जन्मलेल्या बाळांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्या चालीरीतींशी जोडलेला आहे. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा अपुरा वाढलेला असतो. पेटीत ठेवून, प्राणवायू देऊन बाळ वाचतं, पण पडद्यावर वेड्यावाकड्या वाहिन्या वाढून तो सुटू शकतो. जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासणी व्हावी लागते. आणि आपल्या घरात सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला उंबरठा ओलांडू देत नाहीत. त्या आठ-दहा दिवसांच्या फरकात काही मुलांचा आयुष्यभराचा उजेड गेला आहे. आज्यांनो, तुमची माया आम्हाला कळते. सव्वा महिना पाळा, पण त्यातला एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी सोडा.

आता त्या वाक्याबद्दल, जे आमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं आहे: "आता यापुढे काही करता येणार नाही." सांगणारे डॉक्टर बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. मेलेली नस किंवा झिजलेला पडदा त्यांच्या हातात नसतो. तक्रार त्या वाक्यानंतरच्या शांततेबद्दल आहे. फाइल मिटते, पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात, आणि माणूस बाहेरच्या बाकावर येऊन बसतो. जिथे डोळ्याचं काम संपतं तिथे जगण्याचं काम सुरू होतं आणि ते शिकवणारा माणूस त्या इमारतीत नसतो. भिंग कुठलं घ्यायचं, फोनला बोलायला कसं लावायचं, काठी कशी धरायची, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कुठून काढायचं, नोकरीत काय मागायचा हक्क आहे, यांतलं काहीही न सांगता पाठवलेला पेशंट हा अर्धवट उपचार केलेला पेशंट आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि डोळ्यांच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात हे सांगणारं एक टेबल हवं, आणि त्या टेबलामागे आमच्यासारखाच कमी दिसणारा माणूस पगारावर बसलेला हवा.

त्या बाकावर बसलेल्या माणसाला दुसरीच मंडळी आधी भेटतात. कुणी जडीबुटीचे थेंब देतं, कुणी मूळपेशींच्या नावाखाली लाखो रुपये मागतं. आम्ही खोटी आशा विकणार नाही आणि विकू देणार नाही. खरं काय ते असं: रातांधळेपणाच्या आनुवंशिक आजारांत दोष असणारी जनुकं कितीतरी आहेत. त्यांपैकी आरपीई65 या एका जनुकाच्या दोषावर 2017 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली आणि दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. संशोधन पुढे सरकतं आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपला जनुकीय दोष कोणता ते तपासून ठेवावं. पण त्यासाठी घराची जमीन विकून कुणाच्याही दारात जाऊ नये.

आनुवंशिकतेचा विषय निघाला की घरात कुजबुज सुरू होते. मुलगी दाखवायचा कार्यक्रम सकाळी ठेवतात, कारण संध्याकाळी ती ट्रे घेऊन चालू शकणार नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून तोच दबलेला दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि दिसण्यात पूर्ण निरोगी असलेल्या जोडप्याच्या मुलांना हा आजार होऊ शकतो. यात आईचा दोष नसतो, मुलीच्या पायगुणाचा नसतो, ग्रहणात भाजी चिरल्याचा तर नसतोच. आमच्यातल्या अविवाहित मुलामुलींनी ठरवलं आहे की पहिल्याच भेटीत आजाराचं नाव सांगायचं. त्यांनी हे ठरवलं तेव्हा त्यांच्या आया रडल्या. त्या रडण्याचा आम्ही मान ठेवतो, पण निर्णय मुलांचाच राहील.

आणखी एक गोष्ट आहे, जी आजवर जवळजवळ कुणीच बोललं नाही. आमच्यातल्या एका आजींचा मधला पडदा झिजला. वर्षभराने त्यांना संध्याकाळी समोरच्या भिंतीवर बोटभर उंचीची माणसं दिसू लागली. रंगीत फेटे बांधलेली, ओळीने बसलेली. कधी सगळ्या भिंतीवर नक्षी पसरायची, पैठणीच्या पदरासारखी. आवाज कसलाच नाही. माणसं खरी नाहीत हे आजींना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी चार महिने तोंडातून अक्षर काढलं नाही. आपल्याला वेड लागतंय असं वाटून त्या रात्र-रात्र जाग्या राहिल्या. शेवटी सुनेला सांगितलं, आणि घरच्यांनी देवऋषी आणला.

त्याला बोलावण्याची काही गरज नव्हती. जिनिव्हाच्या शार्ल बोने नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने आपल्या आजोबांना नजर गेल्यावर दिसणारी अशीच माणसं, पक्षी, इमारती 1760 साली लिहून ठेवल्या आहेत. आजही या प्रकाराला त्याचंच नाव आहे. डोळ्याकडून येणारी चित्रं थांबली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. नजर बरीच अधू झालेल्या पुष्कळ माणसांना हा अनुभव येतो आणि तो वेड लागल्याचं लक्षण नाही. दिवा लावला, नजर इकडून तिकडे फिरवली, जागेवरून उठलं की चित्रं बहुधा विरतात. आवाजही येऊ लागले किंवा दिसतंय ते खरंच आहे असं वाटू लागलं, तर मात्र डॉक्टरला वेगळं दाखवायला हवं. आजींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आहे तशीच आहे." आमच्या चळवळीची खरी सुरुवात आजींच्या ओसरीवर झाली. चार महिने एकटीने गिळलेली भीती एका दुपारच्या बोलण्याने गेली, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं.

नजर जाण्याचं दुःख करायला आम्ही कुणाला मनाई करणार नाही. "मन खंबीर ठेवा" हे वाक्य आमच्या बैठकीत चालणार नाही. मी स्वतः वर्षभर रडले, मुलांच्या वह्या तपासताना रडले. कुणाला दोन महिने लागतील, कुणाला पाच वर्षं. आणि आमच्याकडून दिव्यदृष्टीची अपेक्षाही करू नका. नऊ महिन्यांच्या वयात नजर गेलेले गुलाबराव महाराज प्रज्ञाचक्षू होते. एवढ्याशा आयुष्यात त्यांनी केलेली ग्रंथरचना पाहून आमचे हात जोडले जातात. पण दिसेनासं झालेल्या प्रत्येक आजीने संत व्हावं, सुरेल गावं, स्पर्शाने माणूस ओळखावा, हे ओझं तिच्यावर टाकू नका. तिला चहा न सांडता कपात ओतता आला तर तिचा दिवस चांगला जातो.

म्हणून स्वयंपाकघराबद्दल थोडं सविस्तर. पांढऱ्या कपात दूध दिसत नाही. गडद कप घ्या. स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि शेजारी दही म्हणजे आमच्यासाठी रिकामं ताट. गडद रंगाचं ताट वापरा. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, आणि त्या बरण्या कुणी हलवल्या तर परत त्याच जागी. गॅसच्या बटणावर बंदच्या खुणेशी उठावाचा ठिपका लावा. पायऱ्यांच्या कडेला आणि उंबरठ्याला पिवळा पट्टा ओढा. दार पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळात बसते, आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या कपाळावर ती खूण आहे. खोलीत आलात तर बोला, जाताना "जातो" म्हणा, नाहीतर आम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. रस्ता ओलांडताना आमचा दंड धरून ढकलू नका. तुमचं कोपर द्या, आम्ही धरू.

आम्ही पहिले नाही. पूर्ण अंध असलेल्या माणसांनी आमच्या कितीतरी आधी लढून वाटा पाडल्या. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुंबईत 1952 साली उभी राहिली. मराठीत "स्पर्शज्ञान" हे ब्रेल पाक्षिक 2008 पासून निघू लागलं. पुस्तकं ऐकण्या-वाचण्याजोग्या रूपात मिळावीत यासाठीचा मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. या सगळ्यापासून आम्ही जाणूनबुजून लांब राहिलो. त्यांच्यात जाऊन बसलं तर आपणही अंध ठरू, ही ती भीती. माझी घडीची पांढरी काठी दोन वर्षं कपाटात साड्यांखाली होती. पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी रस्त्यातले लोक बाजूला झाले, रिक्षावाला थांबला आणि कुणीही मला "बाई, डोळे फुटले का" म्हणालं नाही. त्या थोरल्या भावंडांची आम्ही उशिरा का होईना माफी मागतो आणि शिकायला येतो.

सरकारकडे मागणं फार नाही. चाळिशीचा चष्मा लागणाऱ्या प्रत्येकाचं प्रेशर आणि नस एकदा तपासली जावी, आणि गावच्या आरोग्य केंद्रात साखर मोजतात तिथेच पडद्याचा फोटो निघावा. स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय विकले जाऊ नयेत. काचबिंदूचे थेंब सरकारी दवाखान्यात वर्षाचे बाराही महिने असावेत, कारण हे औषध संपलं म्हणून थांबता येत नाही. बसच्या पाट्या मोठ्या, पिवळ्यावर काळ्या असाव्यात आणि थांबा पुकारला जावा. आणि नोटा. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच आणि लांबीत फरक फक्त 4-4 मिलिमीटरचा. उठावाच्या रेघा वापरून झिजतात. भाजीवाल्या मावशीसमोर रांग थांबवून आम्ही 4 मिलिमीटर बोटांनी मोजू शकत नाही. पुढच्या नोटा आखताना आमच्यातल्या दहा जणांना समोर बसवा.

बाकीचं काम आमचं आम्ही करणार. आमच्यातला प्रत्येक काचबिंदूचा पेशंट आपल्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तपासणीला नेईल. वर्षभराची मुदत ठरली आहे. मी माझ्या दोन भावांपासून सुरुवात केली, आणि धाकट्याला निघाला. त्याची नजर अजून पूर्ण आहे. प्रत्येकाचा एक थेंबसोबती असेल, जो रात्री नऊला फोन करून "घातले का" एवढंच विचारेल. नुकतंच कळलेल्या माणसाबरोबर दवाखान्याच्या बाकावर आमचं कुणीतरी बसेल. वर्गणी नाही. अध्यक्ष नाही.

पहिली बैठक शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात आहे, दुपारी, उजेडात. प्रत्येकाने आपलं नाव, आजाराचं नाव आणि आज काय दिसतं ते सांगायचं आहे. माझं मी इथेच सांगून ठेवते. काचबिंदू, दोन्ही डोळे. खालची बाजू दोन्हीकडे गेली आहे, मधलं डाव्यात चांगलं आहे. समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसतो. त्याने पुढे केलेला हात दिसत नाही.